काल्पनिक सांघिक टेनिस स्पर्धा : नियमरचनेच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

प्रकल्पाचे स्वरूप आज निश्चित झाले. सोळा देशांची एक काल्पनिक पुरुष सांघिक टेनिस स्पर्धा घ्यायची असून प्रत्येक देशाची जबाबदारी एकेका सहभागी कर्णधाराकडे राहील. देश खरे असतील, खेळाडू मात्र पूर्णपणे कल्पित असतील. संघनिवड, दुहेरीची जोडी आणि यजमान असल्यास कोर्टचा प्रकार हे निर्णय कर्णधाराने घ्यायचे आणि निकाल संगणकाने गुणागणिक काढायचा, अशी विभागणी ठरली आहे. या नोंदींत दोन देशांमधील संपूर्ण झुंजीला ‘लढत’ आणि तिच्यातील एकेका एकेरीला किंवा दुहेरीला ‘सामना’ म्हटले आहे. हा भेद आधीच केलेला बरा, कारण पुढची सारी आकडेमोड याच दोन पातळ्यांवर चालणार आहे.

नियम करताना दोन कसोट्या लावायच्या आहेत. बलवान संघ बहुतेक वेळा जिंकावा, पण निकाल आधीच ठरल्यासारखा वाटू नये, ही पहिली. एकाच असामान्य खेळाडूच्या जोरावर एखाद्या देशाने चषक उचलून नेऊ नये, निदान ते सोपे असू नये, ही दुसरी. दुसरी कसोटी पहिलीपेक्षा अवघड जाणार, असा माझा अंदाज आहे.

११ जानेवारी

पुरुष टेनिसमधील देशादेशांची स्पर्धा असलेल्या डेव्हिस करंडकाच्या इतिहासातून आपल्या उपयोगाचे काय आहे, ते आज पाहिले. १९०० साली ड्वाइट डेव्हिसच्या पुढाकाराने बॉस्टनजवळच्या लाँगवुड क्रिकेट क्लबवर अमेरिका आणि ब्रिटिश बेटे यांच्यात पहिली लढत झाली. चार एकेरी आणि एक दुहेरी हा साचा तेव्हापासूनचा आहे. पहिल्या दिवशी दोन एकेरी, मग दुहेरी आणि शेवटी प्रतिस्पर्धी बदलून परतीच्या एकेरी, या रचनेचे सौंदर्य असे की दोन्ही संघांच्या दोन्ही एकेरी खेळाडूंची गाठ एकमेकांशी पडतेच.

गतविजेत्याने थेट अंतिम लढतच खेळावी, अशी सूचना एका कर्णधाराने केली. डेव्हिस करंडकात १९७१ पर्यंत खरोखरच तशी प्रथा होती आणि बाकीच्या देशांना वर्षभर झगडून केवळ आव्हानवीर होण्याचा मान मिळत असे. आपल्या स्पर्धेला अजून गतविजेताच नाही, आणि असता तरी त्याला महिनोन्‌महिने बसवून ठेवण्यात कोणाचे हित आहे, हे कळत नाही. सूचना फेटाळली. १९८१ पासून सोळा देशांचा जागतिक गट सुरू झाला, तो आकडा आपण घेतलाच आहे.

१६ जानेवारी

सामन्याचे गणित आज बसवले. टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्याला गुण मिळण्याची शक्यता किती, हे एकदा ठरले की गेम, सेट आणि सामना यांच्या शक्यता पायरीपायरीने काढता येतात. सर्व्हिसवर ६० टक्के गुण मिळवणारा खेळाडू आपल्या सर्व्हिसचे सुमारे ७३.६ टक्के गेम जिंकतो, तर ६५ टक्के गुण मिळवणारा सुमारे ८३ टक्के जिंकतो. गुणांमधला पाच टक्क्यांचा फरक गेमपर्यंत येता येता जवळजवळ दुप्पट होतो, आणि पुढे सेटमध्ये व सामन्यात तो आणखी फुगत जातो. म्हणूनच कर्णधारांना खेळाडूंच्या क्षमतेचे आकडे वाटताना अर्ध्या टक्क्याचीही घासाघीस होणार, हे गृहीत धरले आहे.

ड्यूसचा, म्हणजे गेममधील ४०-४० या बरोबरीचा, हिशेब सर्वांत देखणा आहे. ड्यूसनंतर लागोपाठ दोन गुण घेणारा जिंकतो, एकेक गुण वाटला गेला तर पुन्हा मूळ स्थिती येते. त्यामुळे सर्व्हिस करणाऱ्याची ड्यूसवरून गेम जिंकण्याची शक्यता काढताना त्याच्या शक्यतेचा वर्ग भागिले दोघांच्या शक्यतांच्या वर्गांची बेरीज एवढेच करावे लागते. ६२ टक्के गुण मिळवणाऱ्यासाठी ती ७२.७ टक्के येते. गेम कितीही वेळ लांबला तरी उत्तर बदलत नाही.

या पद्धतीत प्रत्येक गुण आधीच्या गुणांपासून स्वतंत्र मानला आहे, यावर एका कर्णधाराने आक्षेप घेतला. खेळाडू खचतो, चढतो, महत्त्वाच्या गुणाला हात आखडतो, हे त्याचे म्हणणे खरे आहे. क्लासेन आणि माग्नुस या संशोधकांनी विम्बल्डनच्या १९९२ ते १९९५ या चार वर्षांतील जवळजवळ ९०,००० गुण तपासून २००१ मध्ये हेच दाखवले की गुण पूर्णपणे स्वतंत्र नसतात. मात्र त्यांनी असेही दाखवले की हे विचलन लहान असते आणि स्वतंत्र मानून केलेले गणित बऱ्याच कामांना पुरेसे ठरते. आपले काम त्यांपैकीच आहे.

स्वतंत्र गुणांच्या या जगात पिछाडीवरून मुसंडी मारता येते का, हा खरा प्रश्न होता. १९६६ साली कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध निर्णायक सामन्यात रामनाथन कृष्णन थोमाझ कॉखविरुद्ध १-२ सेट आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असे मागे असूनही जिंकले आणि भारत अंतिम लढतीत गेला. आपल्या गणितात असे किती वेळा घडेल, हे काढून पाहिले. दोघेही तुल्यबळ असून आपापल्या सर्व्हिसचे ८० टक्के गेम राखतात आणि २-५ वर पुढची सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याची आहे असे मानले, तर एक ब्रेक (प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर जिंकलेला गेम), एक स्वतःची सर्व्हिस आणि आणखी एक ब्रेक मिळून ५-५ गाठण्याची शक्यता ३.२ टक्के येते. तिथून सेट निम्म्या वेळा आणि मग पाचवा सेट निम्म्या वेळा जिंकला, तर उरते ०.८ टक्के, म्हणजे सव्वाशे वेळांतून एकदा. असे प्रसंग क्वचित यावेत, पण यावेत, एवढीच अपेक्षा होती. ती पूर्ण होते.

२२ जानेवारी

कोर्टच्या प्रकारांसाठी तीन पातळ्या ठरवल्या. सरासरी खेळाडू सर्व्हिसवर हार्ड कोर्टवर ६४ टक्के, क्लेवर (मातीच्या कोर्टवर) ६२ टक्के आणि हिरवळीवर ६६ टक्के गुण मिळवेल. यातून सर्व्हिस राखण्याची शक्यता अनुक्रमे ८१.३, ७७.६ आणि ८४.६ टक्के निघते. याशिवाय प्रत्येक खेळाडूला एक आवडते आणि एक नावडते कोर्ट असेल. घरच्या मैदानाचा थेट फायदा मात्र अगदी थोडा ठेवला आहे, कारण कोर्ट निवडण्याचा हक्क हाच यजमानाचा खरा फायदा असतो.

त्या हक्काचा वापर नेहमी यशस्वी होतोच असे नाही, आणि ते बरेच आहे. २०१४ च्या अंतिम लढतीत फ्रान्सने लीलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये क्ले अंथरले. पहिल्या दिवशी माँफीसने फेडररला हरवलेही, पण फेडरर-वावरिंका जोडीने दुहेरी घेतली आणि परतीच्या एकेरीत फेडररने गास्केला हरवून स्वित्झर्लंडला ३-१ असा विजय मिळवून दिला. पुढच्याच वर्षी बेल्जियमने गेंटमध्ये क्लेच निवडले आणि ब्रिटनकडून त्याच फरकाने हार पत्करली. कोर्ट बदलून प्रतिस्पर्ध्याची धार बोथट करता येते, पण त्याची उंची कमी करता येत नाही. आकडे ठरवताना हेच प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले आहे.

यजमानपद आलटून पालटून दिले जाईल. पहिल्या वर्षी पूर्वीची लढतच नसल्याने ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. यजमानाने कोर्ट आधी जाहीर करायचे आणि पाहुण्यांनी नंतर संघ निवडायचा, हा क्रम बदलणार नाही.

२९ जानेवारी

आजचा विषय सर्वांत वादाचा होता. लढत पाच सामन्यांची असावी की तीन, आणि सामना पाच सेटचा असावा की तीन सेटचा?

ऑगस्ट २०१८ मध्ये ऑरलँडो येथील आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वसाधारण सभेने डेव्हिस करंडकाचा साचा बदलायला मान्यता दिली आणि २०१९ च्या माद्रिदमधील अंतिम टप्प्यात दोन एकेरी व एक दुहेरी, तेही तीन सेटांचे, अशी रचना आली. जुन्या रचनेचे चाहते त्यावर अजून चिडलेले असतात. इथेही तेच घडले. निम्मे कर्णधार परंपरेच्या बाजूने आणि निम्मे सुटसुटीतपणाच्या बाजूने बोलत होते, आणि दोन्ही बाजूंकडे भावनेखेरीज फारसे काही नव्हते. म्हणून आकडे मांडले.

एका संघाच्या खेळाडूंना प्रत्येक सेट जिंकण्याची ६० टक्के शक्यता आहे, असे सोयीसाठी धरले. तीन सेटांच्या सामन्यात ती ६४.८ टक्के होते, पाच सेटांच्या सामन्यात ६८.३ टक्के. आता हेच लढतीपर्यंत नेले, तर पाच सेटांचे पाच सामने या जुन्या रचनेत सरस संघ ८१.३ टक्के वेळा जिंकतो, तर तीन सेटांचे तीन सामने या नव्या रचनेत तोच संघ ७१.६ टक्के वेळाच जिंकतो. खेळाडू तेच, त्यांची क्षमता तीच, आणि केवळ कागदावरची रचना बदलल्याने धक्कादायक निकालांचे प्रमाण एकपंचमांशाहून कमी असलेले पाव हिश्श्याच्याही पुढे जाते. लांबलचक लढत बलवानाच्या पथ्यावर पडते आणि आखूड लढत दुबळ्याच्या, हे ऐकून सर्वांना ठाऊक होते. फरक एवढा मोठा असेल, याची कल्पना कोणालाच नव्हती.

मधला मार्ग तीन सेटांचे पाच सामने हा आहे. त्यात सरस संघाची शक्यता ७६.२ टक्के येते. डेव्हिस करंडकाच्या पात्रता फेऱ्यांतही दोन दिवसांत अशाच लढती होतात: पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी आधी दुहेरी आणि मग परतीच्या एकेरी. आपण हीच रचना स्वीकारली. परंपरावाद्यांना पाच सामने मिळाले, घाई असणाऱ्यांना तीन सेट मिळाले, आणि अर्थातच दोन्ही बाजू थोड्या नाराज आहेत.

४ फेब्रुवारी

एकखांबी संघाचा प्रश्न आज हाती घेतला. आधीच्या नोंदीतील हिशेबात संघातील सर्व खेळाडू समान मानले होते. प्रत्यक्षात काही कर्णधार आपले बहुतेक क्षमतागुण, म्हणजे खेळाडूंमध्ये वाटायचे क्षमतेचे आकडे, एकाच खेळाडूवर उधळणार, हे उघड आहे, आणि त्यांना तसे करू द्यायलाही हवे.

समजा, एका संघातील पहिला खेळाडू कोणताही एकेरी सामना ९० टक्के वेळा जिंकतो, दुसरा केवळ २५ टक्के वेळा, आणि दुहेरीत दोन्ही संघ बरोबरीचे आहेत. तीन सामन्यांच्या लढतीत हा संघ ५७.५ टक्के वेळा जिंकतो आणि पाच सामन्यांच्या लढतीत ६२.८ टक्के वेळा. पाच सामन्यांत संघाची खोली अधिक कसाला लागते, असा सर्वसाधारण समज आहे. पण पाच सामन्यांत त्या एका खेळाडूला दोनदा कोर्टवर उतरता येते, हे त्यात विसरले जाते. म्हणजे पहिल्या कसोटीसाठी आपण जी रचना निवडली, तीच दुसऱ्या कसोटीच्या आड येते.

त्यात भर म्हणजे हा खेळाडू दुहेरीही खेळू शकतो. २०१५ साली अँडी मरेने आठ एकेरी आणि तीन दुहेरी असे आपले सर्व अकरा सामने जिंकून ब्रिटनला १९३६ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवून दिले. दुहेरीत त्याच्याबरोबर त्याचा भाऊ जेमी होता, हे खरे, पण लढतीतील पाचांपैकी तीन सामन्यांवर एकाच माणसाचा हात असणे हे मात्र मुळातच रचनेचे फळ आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या खेळाडूमुळे दुहेरीची शक्यता ५० वरून ६५ टक्के झाली, तर लढतीची शक्यता ७०.६ टक्क्यांवर जाते.

यावर दोन उपाय सुचवले गेले. एकेरीतील खेळाडूंना दुहेरीत बंदी घालावी, हा पहिला. तो मला मान्य नाही, कारण कर्णधाराचा सर्वांत रोचक निर्णय त्याने हिरावून घेतला जातो. थकव्याची किंमत लावावी, हा दुसरा उपाय आम्ही स्वीकारला. आपल्या रचनेत दुसऱ्या दिवशी दुहेरी आधी आणि लगेच दोन्ही संघांच्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूंची एकेरी येते, तेव्हा दुहेरी खेळून उठलेला खेळाडू तिथे थकलेला असणे स्वाभाविकच आहे. किंमत किती लावायची, हे ठरवायला वेळ लागला. त्याची दुसऱ्या एकेरीतील शक्यता ९० वरून ८० टक्क्यांवर आणली, तर त्याला दुहेरीत उतरवणाऱ्या संघाची शक्यता ६५.९ टक्के राहते, म्हणजे उतरवणेच फायद्याचे. ७० वर आणली, तर ती ६१.१ टक्के होते, म्हणजे त्याला बसवणे बरे. ७५ वर ती ६३.५ टक्के येते आणि दोन्ही पर्याय जवळजवळ एका पातळीवर येतात. थकव्याचा दर ७५ च्या आसपास बसेल असा ठेवला आहे.

याहून मजेचा भाग पुढे आहे. डेव्हिस करंडकात दुहेरीची जोडी सामन्याच्या तासभर आधीपर्यंत बदलता येते. आपणही पहिल्या दिवसाचे निकाल लागल्यानंतर बदलाची मुभा देणार आहोत. आता पाहा. संघ २-० असा पुढे असेल, तर उरलेल्या तिनांपैकी एक सामना पुरतो, आणि पहिल्या खेळाडूला विश्रांती दिली तर लढतीची शक्यता ९६.३ टक्के राहते, दुहेरीत उतरवले तर ९३.४ टक्के. १-१ असेल, तर उतरवल्यास ५९.४ आणि बसवल्यास ५७.५ टक्के. ०-२ असेल, तर तिन्ही सामने जिंकावेच लागतात आणि उतरवल्यास १२.२, बसवल्यास ११.३ टक्के. म्हणजे आघाडीवर असलेल्याने राखून खेळावे आणि पिछाडीवर असलेल्याने सर्वस्व पणाला लावावे. हा निष्कर्ष नियमात कुठेही लिहिलेला नाही, तो आकड्यांतून आपोआप आला, याचे मला विशेष समाधान आहे.

७ फेब्रुवारी

दुहेरीसाठी खेळाडूंना स्वतंत्र क्षमतागुण देण्याचे ठरले. एकेरीचे गुण सरासरी काढून दुहेरीला लावणे सोपे होते, पण दुहेरी हा वेगळाच खेळ आहे. लिअँडर पेसने २०१८ मध्ये रोहन बोपण्णाच्या साथीने चीनविरुद्ध डेव्हिस करंडकातील आपला ४३ वा दुहेरी विजय मिळवला आणि इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा ४२ विजयांचा विक्रम मागे टाकला. केवळ एकेरीच्या आकड्यांवरून अशा खेळाडूची किंमत कधीच कळली नसती. आता मर्यादित क्षमतागुणांत एक दुहेरीचा जाणकार घेणे कोणत्याही कर्णधाराला परवडेल.

९ फेब्रुवारी

शेवटच्या सेटसह सर्व सेटांना टायब्रेक, म्हणजे ६-६ नंतर सेटचा निकाल लावणारा खास गेम, लागू. डेव्हिस करंडकात टायब्रेक १९८९ मध्ये आला आणि पाचव्या सेटमध्ये तर २०१६ मध्ये. तोपर्यंत १९८२ मधील मॅकेन्रो-विलँडर यांच्यासारखा ६ तास २२ मिनिटांचा सामना घडू शकत असे. हिरवळीवर दोन्ही खेळाडू सर्व्हिसचे ८४.६ टक्के गेम राखत असतील, तर ६-६ नंतर दर दोन गेमांमागे निकाल लागण्याची शक्यता अवघी २६ टक्के असते. आपल्याकडे सामना लांबल्याने कोणी दमणार नाही, पण गुणागणिक निकाल वाचणारे दमतील.

१५ फेब्रुवारी

साखळी की बाद फेरी, या प्रश्नावर बाद फेरीच्या बाजूने निर्णय झाला.

साखळीचा मोह मोठा होता, कारण त्यात प्रत्येक कर्णधाराला किमान तीन लढती मिळतात. पण गटात बरोबरी झाली की सेट आणि गेमांची टक्केवारी मोजावी लागते, आणि तिथे खेळाचा विचका होतो. तीन तुल्यबळ संघांच्या गटात पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला, किंवा नेमके उलट, हरवण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणजे ही काही अपवादात्मक अडचण नाही. शिवाय निकाल लागल्यानंतर उरलेल्या सामन्याचे काय करायचे, हा प्रश्न असतोच. २०१९ मध्ये कॅनडाने अमेरिकेविरुद्ध लढत जिंकल्यानंतर दुहेरीचा सामना न खेळता सोडून दिला, तो अमेरिकेच्या खात्यात ६-०, ६-० असा जमा झाला, आणि इतर गटांतल्या ज्या संघांचे भवितव्य टक्केवारीवर अवलंबून होते, त्यांनी कपाळाला हात लावला. बाद फेरीत लढतीचा निकाल लागला की उरलेले सामने कोणाचेही नुकसान करत नाहीत. आपल्याकडे ते खेळवलेच जाणार नाहीत.

सोळा संघांच्या बाद फेरीत पंधरा लढती होतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्या आठ संघांना आपापसांत एकेक लढत खेळता येईल, आणि त्यांचे निकाल पुढच्या वर्षीच्या मानांकनात धरले जातील. एकाच पराभवानंतर कोणी रिकामे बसू नये, एवढाच तिचा हेतू.

२० फेब्रुवारी

मानांकन ईलो पद्धतीने, म्हणजे प्रत्येक निकालानंतर संघाचे गुण प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार कमी-जास्त करून. दोनशे गुणांचा फरक म्हणजे वरच्या संघाला ७६ टक्के संधी, हे प्रमाण आपल्या रचनेला सहज लागू पडते. आठ संघांना मानांकन देऊन उरलेले आठ चिठ्ठ्यांनी बसवले. सोडतीबद्दल तक्रार आलेली नाही.

२६ फेब्रुवारी

माघारीचा नियम लिहिताना १९७४ ची आठवण अपरिहार्य होती. भारत अंतिम लढतीत पोहोचला होता, पण वर्णभेदाच्या धोरणाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला त्याने नकार दिला आणि करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेला मिळाला. नोंदवहीत त्या वर्षीचे विजेते म्हणून त्याच देशाचे नाव आहे. ते नाव वाचताना मागचे कारण कळत नाही, आणि मला ही त्रुटी वाटते.

त्यामुळे आपल्या नियमात माघार घेतलेल्या लढतीला गुणफलकच नसेल. समोरचा संघ पुढे जाईल, पण त्याच्या मानांकनात एकाही गुणाची भर पडणार नाही, आणि कारण नोंदवहीत एका वाक्यात लिहिले जाईल. एखाद्या कर्णधाराने केवळ संघाची यादी वेळेत पाठवली नाही, तर ती माघार मानायची नाही. त्याची आधीची यादी कायम राहील आणि पहिल्याच लढतीला यादी नसेल, तर क्षमतागुणांच्या क्रमाने संघ उतरवला जाईल. आळस आणि भूमिका यांना एकच शिक्षा नको.

५ मार्च

चाचणी लढत आज पूर्ण झाली. अर्जेंटिना यजमान होता आणि त्याने अपेक्षेप्रमाणे क्ले निवडले, नेदरलँड्स पाहुणा. पहिल्या दिवसअखेर १-१ अशी बरोबरी होती. नेदरलँड्सच्या कर्णधाराने आयत्या वेळी आपला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू दुहेरीत घातला, दुहेरी जिंकली, आणि मग तोच खेळाडू परतीच्या एकेरीत तिसऱ्या सेटमध्ये कोसळला. २-२. लढत दोन्ही संघांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंवर येऊन ठेपली, म्हणजे ज्यांच्याकडे निवडीच्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नव्हते अशा दोघांवर.

निर्णायक सेटमध्ये अर्जेंटिनाचा खेळाडू ५-४ असा पुढे असताना नेदरलँड्सची सर्व्हिस होती. १५-४० वर दोन मॅच पॉइंट होते. पहिल्यावर सर्व्हिस थेट गुण घेऊन गेली, दुसऱ्यावर लांब रॅलीनंतर चेंडू बाहेर गेल्याची नोंद पडली, ड्यूस झाला, आणि मग लागोपाठ दोन गुणांनी ५-५. शेवटी टायब्रेकमध्ये अर्जेंटिना ७-५ असा जिंकला. संगणकाच्या दृष्टीने त्या मॅच पॉइंटचे वजन इतर कोणत्याही गुणाइतकेच होते. तरीही दोन्ही कर्णधार ओळीमागून ओळ उघडत बसले होते, हे पाहता गुणांच्या स्वतंत्रतेबद्दलचा आक्षेप आता कोणी पुन्हा काढेलसे वाटत नाही.

एक बदल मात्र करावा लागेल. गुणागणिक नोंदीत कोणत्या क्षणी थकवा लागू झाला, हे दिसत नव्हते आणि नेदरलँड्सच्या कर्णधाराला तो पराभव निव्वळ नशिबाचा वाटला. आता थकलेल्या खेळाडूच्या नावापुढे खूण दिसेल.

१९ मार्च

पहिली फेरी संपली. मानांकित आठ संघांपैकी दोन बाहेर पडले. सरस संघ ७६.२ टक्के वेळा जिंकतो, या हिशेबाने आठ लढतींत सरासरी १.९ धक्के अपेक्षित होते. एका फेरीवरून काहीच सिद्ध होत नाही, पण बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक एकखांबी संघ होता, आणि त्याच्या कर्णधाराने २-० अशा आघाडीनंतरही आपल्या तारांकित खेळाडूला दुहेरीत उतरवले होते. आकडे सर्वांना उपलब्ध होते.

२ एप्रिल

उपांत्यपूर्व फेरीत एका यजमानाने बंदिस्त जागेत अतिवेगवान कोर्टची मागणी केली. सरासरी सर्व्हिसवर ७० टक्के गुण, असा त्याचा प्रस्ताव होता. तसे केल्यास तुल्यबळ खेळाडूंचे पाचांपैकी जवळजवळ दोन सेट टायब्रेकमध्ये जातील आणि संघनिवडीचे महत्त्व कमी होईल. मागणी नाकारली, आणि ६६ टक्के ही वरची मर्यादा नियमात लिहिली.

१६ एप्रिल

अंतिम लढत झाली. ऑस्ट्रेलियाने चिलीला ३-१ असे हरवले. विजेत्या संघातील एकही खेळाडू एकेरीच्या क्षमतागुणांत पहिल्या पाचांत नव्हता. त्यांची दुहेरीची जोडी मात्र स्पर्धेतील सर्वांत बलवान होती आणि ती चारही लढतींत अपराजित राहिली. एकेरीच्या खेळाडूंना ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने एकदाही दुहेरीत हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षासाठी मिश्र संघांचा प्रस्ताव आला आहे. युनायटेड करंडक या देशादेशांच्या मिश्र सांघिक स्पर्धेत २०२४ पासून पुरुष एकेरी, महिला एकेरी आणि मिश्र दुहेरी अशा तीन सामन्यांची लढत होते. ४ फेब्रुवारीच्या उदाहरणातले आकडे तिथे ठेवले, तर एक ९० टक्क्यांचा आणि एक २५ टक्क्यांचा खेळाडू असलेल्या देशाची शक्यता ५७.५ टक्क्यांवरच थांबते, आणि तारांकित खेळाडूला दुसरी एकेरी मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र तो मिश्र दुहेरीत उतरला आणि थकव्याची किंमत लागली नाही, तर ही शक्यता पुन्हा ६८ टक्क्यांपर्यंत चढते. मिश्र दुहेरी शेवटी खेळवली, तर थकवा आधीच्या एकेरीतून दुहेरीत न्यावा लागेल, आणि त्याचा दर नव्याने बसवावा लागेल. हे काम मे महिन्यात सुरू करायचे आहे. तोवर महिला खेळाडूंच्या क्षमतागुणांचा तक्ता तयार करण्याची जबाबदारी चिलीच्या कर्णधाराने घेतली आहे.